पोटॅशियम परमँगनेट: माल चोख, पुडी धोक्याची

पावसाळ्यात बडोद्याच्या सखल वस्त्यांमध्ये पाय तासन्‌तास पाण्यात राहतात. २०२४ च्या ऑगस्टमध्ये विश्वामित्री नदी रस्त्यांवर आली तेव्हा तर घराघरांत गाळ शिरला होता. मग बोटांच्या बेचक्यांत चिखल्या होतात, जखमा ओलसर राहतात आणि कुणीतरी हमखास सांगतं, ‘लाल दवा आणा, पाय बुडवून बसा.’ सल्ला चुकीचा नाही. पण लाल दवा, म्हणजे पोटॅशियम परमँगनेट, आपल्याकडे तीन प्रकारांत मिळतं आणि तिन्हींचा धोका सारखा नाही, म्हणून हे परीक्षण.

सुटी पुडी किराणा किंवा काष्ठौषधींच्या दुकानात मिळते, अगदी किरकोळ पैशांत. मेडिकलमध्ये प्लॅस्टिकची छोटी डबी मिळते. तिसरी म्हणजे प्रयोगशाळेचा माल विकणाऱ्यांकडची ५०० ग्रॅमची सीलबंद बाटली. रसायन तिन्हींत तेच. फरक आहे तो वेष्टनाचा, लेबलाचा आणि किती वापरायचं हे कळण्याचा.

पुडीला आम्ही शून्य गुण देऊ. कागदात बांधलेली असते, त्यावर ना नाव, ना वजन, ना तारीख. हा पदार्थ जबरदस्त ऑक्सिडीकारक, म्हणजे शेजारच्या पदार्थाला जाळणारा आहे, आणि कागद हे त्याचं खाद्यच. दमट हवेत पुडीच्या घड्या तपकिरी पडतात ते त्यामुळेच. घरात ती हळदी-ओव्याच्या डब्यांशेजारी जाऊन बसते, हे आणखी वाईट. प्रौढ माणसाचा जीव जायला साधारण १० ग्रॅम पुरतात, आणि सपाट भरलेल्या लहान चमच्यात हे खडे सात-आठ ग्रॅम सहज मावतात. लहान मुलाला तर त्याहून खूपच कमी पुरतात.

मेडिकलची डबी त्या मानाने बरी. झाकण घट्ट, नाव स्पष्ट. तक्रार एकच: मात्रा बहुधा ‘चिमूटभर’ किंवा ‘पाणी गुलाबी होईपर्यंत’ अशीच सांगितली जाते. रंगावरून मात्रा ठरवण्यात मोठी गफलत आहे. एकच द्रावण काचेच्या पेल्यात फिकट गुलाबी दिसतं आणि भरल्या बादलीत गडद जांभळं, कारण पेल्यात नजर चार-सहा सेंटिमीटर पाण्यातून जाते, बादलीत तीस सेंटिमीटरमधून. त्यामुळे बादलीत रंग बघून थांबणारा कमी घालतो आणि पेल्यात बघून ठरवणारा जास्त. चमच्याने घालणाऱ्याची गोष्ट वेगळीच. १८ लिटरच्या बादलीत एक सपाट चमचा पडला, तर द्रावण हवं त्याच्या चौपट तीव्र होतं. त्याने कातडी कोरडी पडते, चुरचुरते आणि जखमेच्या कडा भाजतात.

त्वचेसाठी लागणारी तीव्रता एकास दहा हजार आहे, म्हणजे लिटरला १०० मिलीग्रॅम. एवढंसं मोजायला सोनाराच्या दुकानात असतो तसा ०.०१ ग्रॅम दाखवणारा खिशातला काटा चालतो, पण प्रत्येक वेळी १०० मिलीग्रॅम तोलत बसण्यापेक्षा एकदाच घट्ट द्रावण करून ठेवावं. काचेच्या छोट्या वाटीत १ ग्रॅम तोला (कागदावर नको). तपकिरी काचेच्या बाटलीत १०० मिली कोमट पाणी घेऊन त्यात टाका, झाकण लावून हलवा आणि पंधरा मिनिटं ठेवून पुन्हा हलवा. हे झालं एक टक्क्याचं द्रावण. त्यातलं १० मिली एक लिटर पाण्यात घातलं की बरोबर एकास दहा हजार. पाय बुडवायला ४ लिटरचं टब असेल तर ४० मिली. मापाला खोकल्याच्या औषधाचं टोपण चालेल, पण ते पुन्हा त्या औषधाकडे जाता कामा नये.

या पद्धतीचा खरा फायदा वेगळाच आहे: न विरघळलेला खडा टबात न जाता बाटलीतच राहतो. पण घट्ट द्रावण इतकं गडद असतं की तळाशी राहिलेला न विरघळलेला खडा दिसत नाही, आणि परमँगनेटच्या बहुतेक भाजण्यांमागे हा एक खडाच असतो. टबात थेट खडे टाकले की एखादा तळाशी जाऊन बोटांच्या बेचक्यात अडकतो आणि तिथे तपकिरी, खोल भाजल्याची खूण उठते. म्हणून बाटली तिरकी करून उजेडासमोर धरायची. कण दिसला तर वरचं द्रावण हलकेच दुसऱ्या बाटलीत ओतून घ्यायचं. कापसातून किंवा फडक्यातून गाळू नये. कापूस हेही सेंद्रिय, त्यावर परमँगनेट खर्ची पडतं आणि द्रावण कमजोर होतं.

पाय बुडवण्याआधी नखांना व्हॅसलीन चोळा, नाहीतर ती कित्येक दिवस तपकिरी राहतील. १० ते १५ मिनिटं, दिवसातून एक-दोनदा, आणि ओल सुकली की बंद. सुकल्यावरही चालू ठेवलं तर कातडी तडकते. पाणी दरवेळी ताजं घ्यावं. गुलाबी पाणी तपकिरी झालं की त्यातली ताकद संपली. बोअरच्या पाण्यात लोह असेल तर घातल्या घातल्याच तपकिरी पडतं, तेव्हा नळाचं पाणी वापरा. बुरशीच्या चिखल्यांना मलम लागतंच, हे पाणी फक्त ओल कमी करतं. मधुमेह्यांनी पायावर उघडी जखम असताना घरी हा प्रयोग करू नये, आधी डॉक्टरांना दाखवावं. डोळे, तोंड, गुळण्या, यांसाठी तर अजिबात नाही. ब्रिटनमध्ये विरघळवून लावायच्या ४०० मिलीग्रॅमच्या गोळ्या रुग्णांना चुकून गिळायला दिल्या गेल्या, म्हणून एप्रिल २०२२ मध्ये तिथल्या आरोग्यसेवेला राष्ट्रीय पातळीवर इशारा काढावा लागला. गोळीचा आकार दिसला की हात पाण्याच्या पेल्याकडे जातो. घरच्या घट्ट द्रावणाच्या बाटलीवर ठळक ‘विष, फक्त बाहेरून’ लिहिणं म्हणूनच आवश्यक.

५०० ग्रॅमची बाटली गुणवत्तेत सगळ्यांत सरस. चमकदार जांभळट-काळे खडे, हलवले तर भुकटी जवळजवळ नाही. लेबलावर वर्तुळावर ज्वाळा असलेलं ऑक्सिडीकारकाचं चिन्ह आणि संयुक्त राष्ट्रांचा क्रमांक १४९०. पण घरासाठी ही खरेदी वेडेपणाची. अर्धा किलो म्हणजे पाच हजार लिटर द्रावण. दवाखाना, गोशाळा किंवा शाळेची प्रयोगशाळा असेल तर ठीक, तेही कुलपाच्या लोखंडी कपाटात. लाकडी फळी नको.

साठवणीत खरी भीती आगीची आहे, आणि ती आपल्याला सहसा कुणी सांगत नाही. हे स्वतः जळत नाही, पण शेजारच्याला पेटवतं. कोरड्या खड्यांवर ग्लिसरीन सांडलं तर काडी न लावता थोड्याच वेळात जाळ होतो, आणि ग्लिसरीन व परमँगनेट दोन्ही औषधांच्या एकाच कप्प्यात ठेवायची पद्धत घरोघरी आहे. गंधकाची पूड, साखर, स्पिरिट, सॅनिटायझर, तेलकट चिंध्या, लाकडाचा भुसा, सगळं दूर. बाथरूम धुवायच्या अ‍ॅसिडशी गाठ पडली तर क्लोरीन वायू सुटतो. म्हणून उरलेलं पाणी संडासात ओतून त्यावर लगेच अ‍ॅसिड घालू नका. तीव्र सल्फ्युरिक अ‍ॅसिडशी तर स्फोटक संयुग तयार होतं. हायड्रोजन पेरॉक्साइड आणि हे एकाच जखमेवर लावणाऱ्यांनाही सांगायला हवं, दोन्ही मिळून फसफसून तापतात.

खडे सांडले तर भुसा किंवा ओलं फडकं घेऊ नका. प्लॅस्टिकच्या कार्डाने गोळा करून भरपूर पाण्यात टाका, मग फरशी धुवा. कपड्यावर पडले तर वाळू न देता लगेच खळखळून धुवा, कारण परमँगनेट मुरलेलं कोरडं कापड सहज पेट घेतं. डोळ्यात गेलं तर वीस मिनिटं वाहत्या पाण्याखाली डोळा धरायचा आणि थेट दवाखाना. पोटात गेलं तर उलटी करवू नका. चूळ भरायला लावा, १०८ ला फोन करा, नाहीतर सयाजी हॉस्पिटल गाठा, आणि डबी सोबत न्या. तोंड फक्त तपकिरी दिसतं म्हणून थांबू नये. घशाला सूज येऊन श्वास अडकू शकतो.

विहीर आणि टाकीसाठी हा माल घेणाऱ्यांना आमचं स्पष्ट नाही. परंपरा जुनी आहे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस आग्र्यात काम करणाऱ्या अर्नेस्ट हॅन्बरी हॅन्किन यांनी पटकीच्या साथीत विहिरींत परमँगनेट टाकण्याचा पुरस्कार केला होता. पण रंग उडाला की संरक्षणही संपतं, आणि मागे उरतं ते मँगनीज. लिटरला १ मिलीग्रॅम घातलं तरी त्यातून सुमारे ०.३५ मिलीग्रॅम मँगनीज पाण्यात जातं. भारतीय मानक १०५०० नुसार पिण्याच्या पाण्यात ते ०.१ च्या आत असावं, आणि दुसरा स्रोतच नसेल तेव्हाही ०.३ च्या वर जाऊ नये. जलशुद्धीकरण केंद्रात ते गाळून काढतात, सोसायटीच्या टाकीत कोण गाळणार? पुराचं पाणी शिरलेली टाकी उपसा, घासा आणि क्लोरीन घाला. नळाशी मुक्त क्लोरीन लिटरला किमान ०.२ मिलीग्रॅम मिळालं पाहिजे.

भाजी धुवायलाही नको. ते जंतूंआधी मातीवर आणि पानांवरच खर्ची पडतं.

वापरलेलं पाणी गटारावाटे शेवटी विश्वामित्रीतच जातं, आणि पाण्यातल्या जिवांना हे फार विषारी आहे. ओतण्याआधी ५०० मिलीग्रॅमची व्हिटॅमिन सीची एक गोळी चुरून घाला. एकास दहा हजार तीव्रतेच्या दीड-दोन लिटर पाण्याचा जांभळा रंग तेवढ्याने जातो. ४ लिटरच्या टबाला तीन गोळ्या धरा. हीच गोळी पाण्यात विरघळवून बोटांवरचे आणि फरशीवरचे डागही निघतात.

तर घ्यायचं असेल तर मेडिकलची डबी, सगळ्यांत लहान मिळेल ती. खडे टोकदार आणि चमकदार हवेत. तळाशी तपकिरी धूळ साचली असेल तर ती डबी परत करा, ते जुनं झालेलं असतं.