सच्छिद्र कार्बनचे जलशुद्धीकरण यंत्र : आठ महिन्यांच्या वापरानंतर

आमच्या बोअरवेलच्या पाण्यात लिटरमागे सुमारे ९०० मिलिग्रॅम क्षार विरघळलेले असल्यामुळे आम्ही आरओऐवजी सच्छिद्र कार्बनच्या इलेक्ट्रोडवर चालणारे यंत्र घेतले. यात आरओप्रमाणे पाणी दाबाने पडद्यातून ढकलले जात नाही. इलेक्ट्रोडच्या जोडीला साधारण १.२ व्होल्ट विभवांतर दिले, की सोडियमसारखे धन आयन (विद्युतभारित कण) ऋण इलेक्ट्रोडकडे आणि क्लोराइडसारखे ऋण आयन धन इलेक्ट्रोडकडे खेचले जाऊन कार्बनच्या सूक्ष्म छिद्रांत धरले जातात. १९९० च्या दशकात अमेरिकेतील लॉरेन्स लिव्हरमोर प्रयोगशाळेत जोसेफ फार्मर यांनी कार्बन एरोजेलवर, म्हणजे अतिशय हलक्या आणि सच्छिद्र कार्बनवर, केलेल्या कामामुळे या पद्धतीला चालना मिळाली. ग्रॅमभर एरोजेलमध्ये शेकडो चौरस मीटर पृष्ठभाग सामावतो, हेच तिचे बळ.

पाण्याची चव उत्तम आहे, आणि वाया जाणारे पाणी आमच्या जुन्या आरओच्या निम्म्याहून कमी. मात्र छिद्रे भरली की यंत्र साठलेले क्षार बाहेर सोडते, इलेक्ट्रोड धुते आणि तेवढा वेळ धार थांबते. विक्रेत्याने हे सांगायला हवे होते. समुद्राच्या पाण्यासाठी हे यंत्र घेऊ नये. तेथे लिटरमागे सुमारे ३५ ग्रॅम क्षार असल्याने छिद्रे लगेच भरतात आणि आरओच परवडते.