कर्ण की एकलव्य?

हिणवल्या गेलेल्या नायकाचे दोन साचे. कर्ण सूतपुत्र ठरतो, पण अंगावर जन्मजात कवचकुंडलं. अपमान खरा, तरी हा मुळात राजकुळातला, हे वाचकाला ठाऊक असतं. माझ्या मते त्यामुळे जातीचा प्रश्न तिथेच बोथट होतो. एकलव्याकडे असं गुपित नाही. फक्त सराव, आणि त्याची किंमत अंगठा.

कोल्हापूरकराला एकलव्यच जवळचा वाटावा. पहाटे तालमीत जोर-बैठका काढणाऱ्या पोराला कुठली कवचकुंडलं? इथल्याच राजाराम कॉलेजात शिकलेले खाशाबा जाधव १९५२ साली हेलसिंकीला गेले ते लोकांनी उभ्या केलेल्या पैशावर, आणि कुस्तीत कांस्यपदक घेऊन आले. कादंबरीत असा पैलवान आला, की शेवटच्या प्रकरणात त्याला सरदार घराण्याचा वारस करू नका.