ब्लॅकमॅजिक पॉकेट सिक्स-के प्रो: पोटाचं काम आणि मनातला सिनेमा, दोन्हीला पुरतो का?

परदेशात स्थायिक होऊन जाहिराती आणि कंपन्यांच्या फिल्म बनवण्यावर घर चालवणाऱ्या माणसाच्या मनातला सिनेमा बहुतेक वेळा गावचाच असतो. वर्षातून तीन-चार आठवडे गावी यायचं, त्यात एखाद्या रिसॉर्टचं किंवा आंबा निर्यातदाराचं पैसे देणारं काम जोडून घ्यायचं आणि उरलेले दिवस आपल्या पटकथेला द्यायचे. अशा चाकरमान्याला हा कॅमेरा कितपत उपयोगी आहे, तेवढंच इथे पाहिलं आहे. देवगड, मालवण, देवबाग, हर्णै इथला उजेड आणि इथली हवा धरून.

आधी निकाल: घ्यावा. ग्राहकाला चालेल असं चित्र आणि एकट्या-दुकट्याने सांभाळता येईल असा आकार, हे दोन्ही या किमतीत क्वचित मिळतं. फेब्रुवारी २०२१ मध्ये तो २,४९५ डॉलरला बाजारात आला. सुपर ३५ (सिनेमाच्या फिल्मच्या मापाचा) सेन्सर, कॅननच्या लेन्स बसणारा ईएफ माउंट, आणि सोबत दाविंची रिझॉल्व्ह स्टुडिओ या संकलन आणि रंगकामाच्या सॉफ्टवेअरची चावी (परवाना). ईएफ माउंटमुळे परदेशातून फक्त बॉडी आणावी. लेन्स मुंबईत भाड्याने सहज मिळतात, सामानाचं वजन वाचतं.

याची सगळ्यात मोठी सोय म्हणजे आत बसवलेले एनडी, म्हणजे उजेड कमी करणारे फिल्टर: २, ४ आणि ६ स्टॉप (एक स्टॉप म्हणजे उजेड निम्मा). एप्रिलच्या दुपारी तारकर्लीच्या वाळूवर हिशेब करून बघा. आयएसओ (उजेडाची संवेदनशीलता) ४००, शटर सेकंदाचा पन्नासावा भाग. कडक उन्हात नेहमीच्या नियमाने लेन्सचं छिद्र एफ ४५ लागेल (आकडा मोठा तितकं छिद्र लहान), पांढऱ्या वाळूची चमक धरली तर एफ ६४. सहा स्टॉप लावले की एफ ८ वर येता. म्हणजे चेहरा स्वच्छ आणि मागची होडी धूसर, असा एफ २.८ चा शॉट हवा असेल तर बाहेरून आणखी तीन स्टॉपचा फिल्टर लागणारच. तो पिशवीत ठेवा. त्याऐवजी आयएसओ १०० करण्याचा मोह टाळा, कारण त्यात उजळ भागातला तपशील आधी जातो आणि समुद्रावरचं आकाश पांढरं फटक होतं. आतले फिल्टर इन्फ्रारेडही अडवतात. स्वस्त फिल्टरमध्ये काळी छत्री तपकिरी दिसू लागते, तो त्रास इथे नाही.

रात्रीचं काम वेगळं. दशावताराच्या रंगमंचावर ट्यूबलाइट नाहीतर हॅलोजन, आणि खेळ पहाटेपर्यंत. सेन्सरला दोन मूळ आयएसओ आहेत, ४०० आणि ३२००. १००० पर्यंत पहिला चालतो, १२५० पासून दुसरा. त्यामुळे १००० पेक्षा १२५० ला दाणे कमी दिसतात. अंधार पडला की थेट १२५० वर जा, मधे रेंगाळू नका.

आता फ्रेमरेट, म्हणजे सेकंदाला किती चित्रं, कारण परदेशात काम करणारा सगळ्यात जास्त इथेच अडतो. आपल्याकडे वीज ५० हर्ट्झची, अमेरिकेत ६० ची. अमेरिकेतल्या ग्राहकाला २३.९७६ किंवा २९.९७ फ्रेम हवी असते. तिकडच्या सवयीने १८० अंशांचा शटर (एका फ्रेमच्या निम्मा वेळ उघडा; ३६० म्हणजे पूर्ण वेळ) ठेवून गावातल्या घरात शूट केलं की ट्यूबलाइटखाली चित्र धडधडतं. उपाय सोपा आहे. २४ ला शटर १७२.८ अंश ठेवा, ३० ला २१६ अंश. दोन्हीत उघडझाप पन्नासाव्या भागाची होते. मेनूत मेन्स फ्रिक्वेन्सी ५० केली की कॅमेरा स्वतःच लुकलुक न होणारे कोन सुचवतो. स्वस्त एलईडी बल्ब आणि इन्व्हर्टरवरच्या दिव्यांना मात्र हा नियम नेहमी लागू पडत नाही. आदल्या रात्री त्याच खोलीत, त्याच दिव्यांखाली दहा सेकंद शूट करून स्क्रीनवर बघावं. आपला सिनेमाही २४ लाच करावा, असं आमचं मत आहे: दोन कामांत सेटिंग बदलत बसलं की कधी ना कधी चूक होतेच.

साठवणीचा हिशेब. सिक्स-के, २५ फ्रेम, ब्लॅकमॅजिक रॉ (कंपनीचा स्वतःचा फाइल प्रकार) ८:१ दाबून ठेवलं तर सेकंदाला साधारण १०० एमबी. म्हणजे १ टीबीच्या एसएसडीवर पावणेतीन तास, १२:१ केलं तर चार तासांच्या आसपास. दशावतारासारख्या लांब चित्रणाला १२:१ पुरेसं आहे. खरी अडचण कॉपीची. साध्या हार्ड डिस्कवर १ टीबी उतरवायला सव्वादोन तासांच्या वर जातात, आणि दोन प्रती लागतात. गावात रात्री वीज गेली की कॉपी अर्धवट. म्हणून लॅपटॉप बॅटरीवर पूर्ण चार्ज करूनच बसावं, आणि दुसरी प्रत झाल्याशिवाय कार्ड पुसू नये. एसएसडी जोडणारी यूएसबी-सीची तार होडीत हिसका बसून सुटते. क्लॅम्प लावणं सक्तीचं समजा.

याच साठवणीत कायद्याचा एक मुद्दा आहे आणि त्याकडे फार कमी लोक लक्ष देतात. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याच्या कलम १७ नुसार, मोबदला घेऊन दुसऱ्याच्या सांगण्यावरून केलेल्या फिल्मचा पहिला मालक तो दुसरा असतो, करारात वेगळं लिहिलेलं नसेल तर. रिसॉर्टच्या पैशाने आणलेल्या दिवसात संध्याकाळी रापण ओढताना टिपलेले शॉट आपल्या सिनेमात घातले, तर वाद उभा राहू शकतो. तेव्हा ग्राहकाचे दिवस वेगळे, आपले दिवस वेगळे, एसएसडी वेगळ्या, त्यांवर रंगीत पट्ट्या, आणि करारात एक ओळ: ठरलेल्या तारखांबाहेरचं चित्रण निर्मात्याचं. करार परदेशातल्या कंपनीशी असेल तर तिथला कायदा तपासावा.

दोषांची बाजू. या बॉडीला पाण्यापासून संरक्षण नाही. आत पंखा आहे, बाहेरून हवा खेचतो, आणि किनाऱ्यावर त्या हवेत मीठ तर जांभ्याच्या रस्त्यावर बारीक लाल धूळ असते. प्लास्टिक गुंडाळून जाळ्या बंद केल्या की कॅमेरा तापतो. कव्हर वरून आणि बाजूंनी घालावं, हवेची वाट मोकळी ठेवावी. होडीतून आल्यावर साध्या पाण्यात ओलवून घट्ट पिळलेल्या मायक्रोफायबर कापडाने बॉडी पुसायची, मग कोरड्या कापडाने. नुसतं कोरडं पुसलं तर मिठाचे कण घासले जातात. एसी खोलीतून बाहेर काढताना अर्धा-पाऊण तास झिपच्या पिशवीत बंद राहू द्या, नाहीतर लेन्सवर दव धरतं. रात्री सिलिका जेलच्या डब्यात, आर्द्रता ४० ते ५० टक्के. पावसाळ्यात ही काळजी घेतली नाही तर लेन्सला बुरशी धरते.

सेन्सर स्थिर ठेवणारी यंत्रणा नाही, सतत चालणारा ऑटोफोकसही नाही. होडीत गुडघ्यांत वाकून, कॅमेरा छातीशी धरून काम करावं लागतं किंवा गिंबल (कॅमेरा तोलून धरणारा दांडा) लागतो. सेन्सर चित्र ओळीओळीने वाचतो, त्यामुळे कोकण रेल्वेच्या खिडकीतून बाजूला शॉट घेतला की विजेचे खांब तिरके येतात.

बॅटरी एनपी-एफ ५७० तासाभराची. व्ही-माउंटची (बाहेरून जोडायची मोठी) ९८ वॉट-तासांची बॅटरी घेतली तर साधारण तीन तास निघतात, आणि १०० च्या खाली असल्याने विमानात हाताशी नेता येते. सुट्या लिथियम बॅटऱ्या चेक-इनच्या सामानात चालत नाहीत.

वेळापत्रकाबद्दल. भरतीची वेळ रोज साधारण पन्नास मिनिटं पुढे सरकते. ओहोटीच्या वाळूवरचा प्रसंग दोन दिवसांत तुटत असेल तर दुसऱ्या दिवशी पाणी जुळतं, ऊन जुळत नाही. असा प्रसंग एकाच दिवसात बसवा. उरला तर सुमारे पंधरा दिवसांनी, पुढच्या उधाणाला घ्या. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक मासेमारी बंद, तेव्हा हर्णैचा लिलाव हवा असेल तर तिकीट त्याआधीचं काढा.

जुना घेत असाल तर चार गोष्टी तपासा: एनडीचे तिन्ही टप्पे अडखळत नाहीत ना, स्क्रीनचं बिजागर सैल नाही ना, माउंटच्या पिनांवर हिरवट डाग नाहीत ना, आणि रिझॉल्व्हच्या चावीचं कार्ड सोबत आहे का. चावी एका वेळी दोनच संगणकांवर चालते. आधीच्या मालकाने ती वापरात ठेवली असेल तर किंमत तेवढी कमी करून मागा.