न्यू जर्सीतलं आमचं छोटं स्कूल डिस्ट्रिक्ट: अकरा वर्षांचा अनुभव

इकडे घर बघायला निघालं की पहिला प्रश्न असतो, "शाळा कशी आहे?" आणि उत्तरात एक आकडा मिळतो. दहापैकी आठ, दहापैकी नऊ. आम्हीही 2014 मध्ये तो आकडा बघूनच घर घेतलं. ही शाळा चालवतं कोण आणि पैसे येतात कुठून, हे विचारलं नाही. आता दोन्ही मुलं इथून आठवी करून बाहेर पडली आहेत. एवढ्या वर्षांत जे कळलं ते इथे घर घेऊ पाहणाऱ्या मराठी कुटुंबांसाठी लिहिते. गावाचं नाव मुद्दाम देत नाही. राज्यात सहाशेच्या आसपास डिस्ट्रिक्ट आहेत, आणि त्यातली कितीतरी आमच्यासारखीच दोन-तीन शाळांची आहेत.

आधी शब्दाचा घोळ सोडवते. माझे वडील माण तालुक्यात जिल्हा परिषदेचे शिक्षक होते. एक जिल्हा परिषद, तिच्या हजारो शाळा, पगार राज्याच्या तिजोरीतून, आणि बदलीचा आदेश आला की बिऱ्हाड उचलायचं. त्यामुळे 'स्कूल डिस्ट्रिक्ट' ऐकलं की माझ्या डोळ्यांपुढे जिल्हा यायचा. इथलं डिस्ट्रिक्ट म्हणजे जिल्हा नाही. आमचं तर एका गावापुरतं आहे: पाचवीपर्यंतची एक शाळा, सहावी ते आठवीची दुसरी. हायस्कूल नाहीच. नववीपासून मुलं शेजारच्या गावात जातात आणि आमचं डिस्ट्रिक्ट दर मुलामागे त्या गावाला फी मोजतं. त्या हायस्कुलात बाहेरून येणारी मुलं किमान 10 टक्के असतील, तर त्यांच्या बोर्डावर पाठवणाऱ्या गावालाही प्रतिनिधित्व मिळतं. म्हणजे चार वर्षांच्या शिक्षणाचे पैसे आपण द्यायचे आणि त्या टेबलावर आपला आवाज एका माणसाचा. छोट्या डिस्ट्रिक्टमध्ये घर घेताना ही गोष्ट आधी विचारून घ्या.

कारभार स्कूल बोर्डाकडे असतो. आमच्याकडे नऊ सदस्य आहेत. मुदत तीन वर्षांची, दरवर्षी तिघांची निवडणूक, मानधन शून्य. मतपत्रिकेवर त्यांच्या नावापुढे पक्ष नसतो. बोर्ड सुपरिंटेंडंट, म्हणजे डिस्ट्रिक्टचा मुख्य अधिकारी, नेमतं, धोरण ठरवतं आणि बजेट मंजूर करतं. बाकी नेमणुका सुपरिंटेंडंटच्या शिफारशीशिवाय बोर्डालाही करता येत नाहीत. हे कळायला मला वेळ लागला. मोठ्याच्या तिसरीच्या वर्गाबद्दल मी एका बोर्ड सदस्य बाईंना दुकानात गाठून सांगायला लागले, तर त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, आधी शिक्षिका, मग प्रिन्सिपल, मग सुपरिंटेंडंट. तेव्हा मला टाळल्यासारखं वाटलं होतं. आता वाटतं, त्यांचं बरोबर होतं. प्रत्येक सदस्य एकेका पालकाचं काम घेऊन वर्गात शिरायला लागला, तर शिक्षकाला शिकवणं अशक्य होईल.

या डिस्ट्रिक्टमधली मला सगळ्यात आवडलेली गोष्ट म्हणजे बोर्डाची मीटिंग. सहावी ते आठवीच्या शाळेच्या लायब्ररीत संध्याकाळी सात वाजता भरते. आत जाताना दाराशी टेबलावर अजेंड्याच्या प्रती ठेवलेल्या असतात आणि सोबत त्या महिन्याच्या बिलांची यादी जोडलेली असते. कुणाला किती पैसे द्यायचे ते एकेक ओळीत: पियानो ट्यून करणारा, बसचा कंत्राटदार, जमिनीचं पॉलिश, हायस्कूलच्या फीचा हप्ता, बँडमधल्या ट्यूबा या वाद्याची दुरुस्ती. पहिल्यांदा तो कागद हातात आला तेव्हा मी पूर्ण वाचला. बाबांच्या शाळेत खडूच्या खोक्यासाठी त्यांना किती खेटे घालावे लागायचे ते मी पाहिलं आहे. इथे ट्यूबाच्या दुरुस्तीलाही नऊ जण एकेक करून नाव घेऊन 'येस' म्हणतात, आणि ते ऐकायला मागे बसायचा हक्क मला आहे. राज्यात 1975 पासून उघड्या सभांचा कायदा आहे. सभेची सूचना आधी द्यावी लागते. नोकरी-कर्मचाऱ्यांचे काही विषय, कोर्टकचेऱ्या असं सोडलं तर दार बंद करता येत नाही. लोकांना बोलायला वेळ ठेवावा लागतो. आमच्याकडे माणशी तीन मिनिटं. समोर घड्याळ लावलेलं असतं.

आता पैसे. प्रॉपर्टी टॅक्स वर्षातून चार हप्त्यांत भरायचा: फेब्रुवारी, मे, ऑगस्ट, नोव्हेंबर. बिलावर काउंटी (आपल्या जिल्ह्यासारखा विभाग), गाव आणि शाळा असे वेगवेगळे आकडे असतात. राज्यभरात मिळून या करातला साधारण निम्मा वाटा शाळांना जातो. 2024 मध्ये न्यू जर्सीतलं सरासरी बिल 10,000 डॉलरच्या पुढे गेलं, त्यावरून हिशेब करा. केंद्र सरकारचा हात त्यात अगदी थोडा. उरलेली मदत राज्याची, आणि तिच्यामागे मोठा झगडा आहे. घरपट्टीवर शाळा चालवली की श्रीमंत गावाची शाळा श्रीमंत आणि गरीब गावाची गरीब होते. 1973 मध्ये राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने ही पद्धत राज्यघटनेत बसत नाही असा निकाल दिला. विधिमंडळ तरी हलेना. शेवटी 1976 च्या जुलैत कोर्टाने शाळांवर खर्च करायलाच मनाई केली, तेव्हा कुठे राज्यात आयकर आला.

सध्याचं सूत्र 2008 च्या कायद्यातलं आहे. प्रत्येक मुलामागे किती खर्च यावा ते काढतात. गरीब घरातल्या आणि इंग्रजी शिकणाऱ्या मुलांसाठी त्यात भर घालतात. मग गावातल्या मालमत्तेची किंमत आणि लोकांचं उत्पन्न बघून गावाने किती उचलावं ते ठरवतात. उरलेलं राज्य देतं. तत्त्व मला पटतं, मनापासून पटतं. पण छोट्या डिस्ट्रिक्टला ते कसं लागतं ते सांगते. घरांच्या किमती कागदावर वाढल्या की मदत घटते, मग कुणाचा पगार वाढलेला असो वा नसो. मुलं कमी झाली तरी मदत घटते. मोठ्या शहरात एक शाळा बंद करून भागवता येतं. आमच्याकडे दर वर्गात दोन मुलं कमी झाली म्हणून ना शिक्षक कमी करता येतो, ना बॉयलर, ना छप्पर. त्यात 2018 च्या दुरुस्तीने सूत्रापेक्षा जास्त मदत मिळणाऱ्या डिस्ट्रिक्टची मदत टप्प्याटप्प्याने कापायला सुरुवात झाली, आणि आमचं त्यात आलं.

मग टॅक्स वाढवा? तर 2010 च्या कायद्याने टॅक्सची एकूण रक्कम वर्षाला 2 टक्क्यांपलीकडे वाढवता येत नाही, काही ठरावीक सवलती सोडल्या तर. टॅक्समधून एक कोटी डॉलर गोळा होत असतील, तर 2 टक्के म्हणजे 2 लाख. एका मुलाला त्याच्या गरजेप्रमाणे बाहेरच्या खास शाळेत पाठवायचं झालं तर फी आणि बस मिळून खर्च लाख डॉलरच्या घरात जाऊ शकतो. काही भाग राज्य देतं, पण नंतर. हा खर्च करायलाच हवा, त्या मुलाचा तो हक्क आहे. मीटिंगमध्ये एकदा एका माणसाने "त्या मुलांमुळे" असं म्हटलं. त्या मुलाची आई माझ्या शेजारीच बसली होती. चूक त्या मुलाची नाही, छोट्या डिस्ट्रिक्टने असा खर्च एकट्याने पेलावा या रचनेची आहे.

माझी तक्रार बसची. आठवीपर्यंतच्या मुलाचं घर शाळेपासून 2 मैलांच्या पलीकडे असेल तरच बस देणं कायद्याने बंधनकारक आहे. त्याच्या आतली बस ही डिस्ट्रिक्टच्या मर्जीची. तिला 'कर्टसी बस' म्हणतात. आमचं घर 1.7 मैलांवर. 2022 च्या जूनमध्ये ईमेल आला की सप्टेंबरपासून कर्टसी बस बंद, पैसे भरून जागा घेता येईल. धाकटी सहावीत जाणार होती. वाटेत पाऊण मैल फुटपाथच नाही, आणि जानेवारीत बर्फाचे ढीग थेट रस्त्याच्या कडेला येतात. मी मीटिंगला गेले, तीन मिनिटं बोलले. सगळ्यांनी ऐकलं. पण बजेट कधीच मंजूर झालं होतं. मार्चच्या मसुद्यात 'वाहतूक' या ओळीचा आकडा कमी केलेला होता, एवढंच. त्या ओळीचा अर्थ कुठल्या गल्लीतली मुलं चालत जाणार, हे पालकांना मार्चमध्येच सरळ शब्दांत कळवायला हवं होतं. आम्ही पैसे भरले. आमच्या रस्त्यावरच्या दोन घरांना ते जमलं नाही, म्हणून ती मुलं वर्षभर आमच्या गाड्यांतून पाळीपाळीने गेली.

अजून एक, आपल्या लोकांसाठी. एच-वन-बी किंवा ग्रीन कार्डवर असताना पूर्ण टॅक्स भरतो, मुलं शाळेत जातात, पण मत नाही आणि बोर्डाची निवडणूकही लढवता येत नाही. आमची अशी सात वर्षं गेली. पण मीटिंगमध्ये बोलायला नागरिकत्व लागत नाही. हे मला कुणी सांगितलं नव्हतं, म्हणून सांगते. आणि 2012 च्या कायद्यानंतर बहुतेक डिस्ट्रिक्टनी निवडणूक एप्रिलमधून नोव्हेंबरमध्ये नेली. तिथे बजेट 2 टक्क्यांच्या आत असेल तर त्यावर मतदान होतच नाही. त्यामुळे मीटिंगमधली ती तीन मिनिटं आणखी मोलाची.

पाचपैकी चार तारे देते. शिक्षकांना पाचही दिले असते. एक तारा त्या बसचा कापला.

वेळापत्रक लक्षात ठेवा. फेब्रुवारीच्या अखेरीस किंवा मार्चच्या सुरुवातीला गव्हर्नर राज्याचं बजेट मांडतात, पाठोपाठ प्रत्येक डिस्ट्रिक्टच्या मदतीचा आकडा येतो. मार्चमध्ये बोर्ड मसुदा मंजूर करतं आणि तो काउंटीकडे तपासणीला जातो. एप्रिलच्या अखेरीस किंवा मेच्या पहिल्या आठवड्यात जाहीर सुनावणी होते. सुनावणीला गर्दी होते, तोवर आकडे जवळजवळ पक्के झालेले असतात. मार्चच्या मीटिंगला जा. मागच्या मार्चमध्ये लायब्ररीत मांडलेल्या चाळीस खुर्च्यांपैकी सहाच भरल्या होत्या, आणि डिस्ट्रिक्टचा हिशेब बघणारे बिझनेस ॲडमिनिस्ट्रेटर माझ्यासोबत बसून वाहतुकीची ओळ फोड करून समजावत होते.