खाजणात कोळंबी की तिवरं? जमाखर्च मांडून पाहू

खाडीकाठी खाजणाचा, म्हणजे भरतीचं खारं पाणी येणाऱ्या जमिनीचा तुकडा आहे, व्हेनामी या जातीच्या कोळंबीच्या तळ्याचा हिशोब घेऊन कोणीतरी दारात आलंय आणि शेजारी तिवरं (कांदळवन, मॅन्ग्रोव्ह) माजलीत. करायचं काय?

तिवरं तोडून तळं खणायचा विचार असेल, तर महाराष्ट्रात तो विषय तिथेच संपतो. मुंबई उच्च न्यायालयाने २००५ मध्ये तोडीवर बंदी घातली आणि २०१८ च्या निकालात ती पक्की केली. सातबारा तुमच्या नावावर असला तरी सुटका नाही. तरीही "नुसत्या चिखलातल्या झुडपांचा उपयोग काय?" हा प्रश्न गावोगाव निघतोच, म्हणून हिशोब पाहायचा.

तो सर्वांत नीट मांडला गेला दक्षिण थायलंडमध्ये. तिथे तिवरं काढून कोळंबीची तळी झाली होती. १९९६ च्या डॉलरमध्ये, पुढच्या काही वर्षांची कमाई त्या वेळच्या किमतीत आणली, तर एका हेक्टरच्या तळ्यातून मालकाच्या खिशात सुमारे ९,६३२ डॉलर. तिवरांतून लाकूडफाटा, मध, चिंबोऱ्या (खेकडे) वगैरे धरून जेमतेम ५८४. इथवर तळंच जिंकतं, आणि दारात आलेला माणूस इथेच थांबतो.

पण तळ्याच्या कमाईत सरकारी सवलती ८,४१२ डॉलरच्या होत्या. त्या वजा केल्या की उरतात १,२२०. शिवाय तळी साधारण पाच वर्षांत निकामी होत. ती जागा पुन्हा तिवरांखाली आणायचा खर्च ९,३१८. तिवरांच्या बाजूला मात्र आणखी दोन रकमा चढतात : माशांची पिल्लं तिथे वाढतात त्याचे ९८७ आणि वादळ-लाटांपासून मिळणाऱ्या संरक्षणाचे १०,८२१.

या शेवटच्या आकड्याकडे मीही जरा संशयाने पाहतो. तिवरांऐवजी बांध घातला तर किती खर्च येईल, अशा रीतीने आधी संरक्षणाची किंमत धरली होती. प्रत्यक्ष नुकसान किती टळतं ते मोजल्यावर ती जवळपास निम्म्यावर आली. वरचा आकडा हा कमी झालेलाच आहे. तरी पारडं तिवरांकडेच झुकतं.

आणि बांध खरंच तिवरांची जागा घेतो का? ओडिशात १९९९ च्या महाचक्रीवादळानंतर भितरकनिकाच्या तिवरांच्या जंगलाजवळच्या तीन गावांतलं नुकसान मोजलं गेलं. तिवरांच्या आडोशाच्या गावात दर घरामागे सुमारे ३३ डॉलर, ना तिवरं ना बांध अशा गावात ४४ आणि नुसता बांध असलेल्या गावात १५४! बांध फुटून खारं पाणी आत आलं, ते बाहेर जाईना. खारभूमीचा बांध फुटलेला ज्यांनी पाहिलाय त्यांना हे वेगळं सांगायला नको.

खरी अडचण खिशाची आहे. तळ्याचा पैसा एकाच्या घरी जातो, तिवरांचा गावभर विखुरतो : पागवाल्याच्या जाळ्यात, चिंबोऱ्या धरणाऱ्या बायकांच्या टोपलीत, न बुडालेल्या भातखाचरात. म्हणून एकट्या मालकाने ठरवलं तर तळं, ग्रामसभेने ठरवलं तर तिवरं, असं उत्तर फिरतं.

पण सगळं किंवा काहीच नाही, असंही नाही. त्याच थायलंडच्या हिशोबात दहा चौरस किलोमीटरपैकी आठ राखून दोन तळ्यांना दिले, तर एकूण फायदा सर्वाधिक निघाला, कारण लाट मोडण्याचं काम मुख्यतः समुद्राकडचा पट्टा करतो. आपल्याकडे त्या दोनासाठीही तोड करता येत नाही, पण धडा घेता येतो : तिवरं अजिबात नसलेलं, जमिनीच्या बाजूचं उघडं खाजण असेल तर तळ्याचा विचार करा, तोही किनारी जलकृषी प्राधिकरणाची नोंदणी आणि गढूळ पाणी सोडायची सोय आधी पाहून. सफेद ठिपक्यांचा रोग आला की अख्खं पीक काही दिवसांत जातं, हे कर्ज काढण्याआधी घरच्यांना सांगा.

तिवरं उभी असतील तर ती ठेवून कालवं, चिंबोरी किंवा जिताडा मासा पाळण्यासाठी राज्याची २०१७ पासूनची कांदळवन उपजीविका योजना आहे. कमाई तळ्याइतकी नाही. मी मात्र तीच घेईन.