फुलासाठी एक, कळीसाठी दुसरे: क्लोज-अप लेन्स, एक्स्टेन्शन ट्यूब आणि मॅक्रो लेन्स

बागेतील फुलांची जवळून छायाचित्रे काढण्यासाठी साधन घेऊ इच्छिणाऱ्याने आधी विषयाचा आकार पाहावा. फुल-फ्रेम सेन्सर (कॅमेऱ्यातील प्रतिमा टिपणारा मोठ्या आकाराचा पृष्ठभाग) ३६ × २४ मिलिमीटरचा असतो आणि १:१ प्रमाणात, म्हणजे सेन्सरवरची प्रतिमा वस्तूएवढीच असताना, चौकटीत तेवढाच भाग मावतो. दहा सेंटिमीटर रुंदीचे जास्वंदीचे फूल दाखवायला म्हणूनच १:४ च्या आसपासचे प्रमाण पुरते. जाईची कळी किंवा फुलातले परागकोश मात्र १:१ च्या जवळ गेल्याशिवाय नीट दिसत नाहीत.

ज्याच्याकडे २०० मिलिमीटरपर्यंतची झूम लेन्स आहे आणि ज्याला मुख्यतः पूर्ण फुलेच टिपायची आहेत, त्याने फिल्टरसारखी पुढे बसणारी क्लोज-अप लेन्स घ्यावी, असे माझे स्पष्ट मत आहे. झूम २०० वर आणि फोकस अनंतावर ठेवून +२ डायऑप्टरची (डायऑप्टर म्हणजे भिंगाची शक्ती मोजण्याचे एकक) क्लोज-अप लेन्स लावली, की अर्ध्या मीटरवरचे फूल ०.४ पट आकारात मिळते आणि प्रकाशही घटत नाही. एकाच भिंगाच्या स्वस्त प्रकारात पाकळ्यांच्या कडांवर रंगीत किनार उमटते, त्यामुळे दोन भिंगे जोडलेला ॲक्रोमॅटिक प्रकारच निवडावा.

एक्स्टेन्शन ट्यूबचे गणित उलटे आहे. ती कॅमेरा आणि लेन्स यांच्यामध्ये बसणारी, काच नसलेली पोकळ नळी असून तिची लांबी भागिले लेन्सची फोकल लांबी (लेन्सवर मिलिमीटरमध्ये लिहिलेला आकडा), एवढी प्रतिमेच्या प्रमाणात भर पडते. २५ मिलिमीटरची ट्यूब ५० च्या लेन्सला ०.५ ची भर देते, २०० च्या लेन्सला जेमतेम ०.१२५ ची. दूरचा फोकस मात्र जातो, प्रकाश कमी होतो आणि छोट्या लेन्सचे तोंड फुलाच्या इतके जवळ येते, की तिची सावली पाकळ्यांवर पडते.

कळ्यांचेच काम सातत्याने करायचे असेल, तर महाग असली तरी १०० मिलिमीटरची मॅक्रो लेन्सच, म्हणजे जवळून छायाचित्रे काढण्यासाठीच बनवलेली लेन्स, योग्य ठरते. १:१ वर बहुतेक अशा लेन्स आणि कळी यांच्यात तेरा ते पंधरा सेंटिमीटर मोकळे राहतात, त्यामुळे प्रकाश अडत नाही. शिवाय तीच लेन्स दूरच्या दृश्यांसाठीही चालते. १:१ प्रमाणात एफ/८ वर (एफ-आकडा म्हणजे लेन्सच्या छिद्राच्या आकाराचे माप) सुस्पष्ट खोली, म्हणजे पुढे-मागे जेवढा भाग स्पष्ट दिसतो तो, जेमतेम एक मिलिमीटर असते आणि कोणतेही साधन वापरले तरी त्यात फारसा फरक पडत नाही. म्हणून सगळे पैसे लेन्सवर न घालवता भक्कम ट्रायपॉडसाठी काही बाजूला ठेवावेत.