संथ बुद्धिबळ ऑनलाइन: लिचेस आणि चेस डॉट कॉमवर काही महिने खेळल्यानंतर

लिचेस आणि चेस डॉट कॉम या ऑनलाइन बुद्धिबळाच्या साइट; करस्पॉन्डन्स म्हणजे तिथे एकेका चालीला दिवसांची मुदत देऊन खेळायचा संथ डाव. निष्कर्ष आधी सांगतो. चालीला तीन दिवस, एकावेळी चार डाव आणि प्रत्येक चालीमागे चार ओळींचं टिपण, एवढं सांभाळता आलं तर नोकरी-शाळा करणाऱ्या माणसासाठी करस्पॉन्डन्स हा बुद्धिबळ शिकण्याचा सगळ्यांत चांगला मार्ग आहे. टिपण सोडलं तर हाच प्रकार महिनोन्‌महिने लांबलेला ब्लिट्झ (काही मिनिटांत संपणारा झटपट डाव) होऊन बसतो. घड्याळ तीन दिवस देतं, पण फोन ते तीन मिनिटांत संपवायला लावतो. नागपुरात लोकमान्य नगरहून सीताबर्डीला मेट्रोने जाताना सूचना वाजते, पट उघडतो, समोरचं प्यादं फुकटात मिळतंय असं दिसतं आणि स्टेशन यायच्या आत चाल गेलेली असते. या पद्धतीत हरलेले बहुतेक डाव असेच हरले जातात.

वेळेचं गणित सुरुवातीलाच समजून घ्या. दोन्ही ठिकाणी एका चालीसाठी १ ते १४ दिवसांपर्यंतचे पर्याय आहेत. चाल केली की पुढच्या चालीला पुन्हा पूर्ण मुदत मिळते. वाचवलेले दिवस साठत नाहीत. ४० चालींचा डाव चालीला ३ दिवस या बोलीवर दोघांचा मिळून जास्तीत जास्त २४० दिवस चालू शकतो. १४ दिवसांच्या बोलीवर हाच आकडा ११२० दिवस, म्हणजे तीन वर्षांच्या वर जातो. प्रत्यक्षात डाव फार लवकर संपतात, कारण बरेच जण त्याच दिवशी उत्तर देतात. पण समोरचा मुद्दाम रेंगाळला तर काय होईल, हे या आकड्यांवरून कळतं.

१ दिवसाची बोली नवख्याने टाळावी. 'एक दिवस' म्हणजे समोरच्याच्या चालीपासून २४ तास. युरोप-अमेरिकेतले खेळाडू आपल्या रात्री खेळतात. त्यांची चाल आपल्याकडे रात्री अडीचला आली तर मुदत दुसऱ्या रात्री अडीचला संपते. म्हणजे शांतपणे बसायला हातात एकच संध्याकाळ उरते, आणि ती घरच्या लग्नात किंवा ताडोबाजवळ नेटवर्क नसलेल्या जागी गेली की जिंकत आलेला डावही वेळेवर जातो. लिचेसवर मुदतच नसलेला 'अनलिमिटेड' प्रकारही आहे. तो ओळखीच्या माणसाबरोबर ठीक; अनोळखी माणसाने हरता डाव तसाच सोडून दिला तर आपल्याला वाट पाहत बसावं लागतं. तीन दिवसांत एक रविवार हुकला तरी निभावतं, आणि डावाचा धागाही विसरला जात नाही.

खातं उघडणं, आव्हान टाकणं यात अवघड काही नाही. लिचेसवर नवा डाव तयार करताना करस्पॉन्डन्स निवडायचं, दिवस ठरवायचे, रेटेड (रेटिंग, म्हणजे ताकदीचा आकडा, बदलणारा) की कॅज्युअल (रेटिंग न बदलणारा) ते सांगायचं. ब्राउझर बंद केला तरी हे आव्हान लॉबीत टिकून राहतं. चेस डॉट कॉमवर याच प्रकाराला 'डेली' म्हणतात. लिचेस पूर्ण मोफत आहे आणि तिथे जाहिराती नाहीत. चेस डॉट कॉमवर मोफत खात्यात जाहिराती दिसतात, मात्र डेली डाव खेळायला पैसे लागत नाहीत.

पहिल्या डावाआधी तीन सेटिंग तपासा. पहिलं, करस्पॉन्डन्ससाठी चाल पक्की करण्याचं बटण चालू हवं. सोंगटी ठेवल्यावर चाल लगेच जात नाही, आपण होकार दिल्यावरच जाते. बोट घसरून वजीर भलत्या घरात पडला तर वाचवणारी ही एकच गोष्ट आहे. दुसरं, लिचेसवर चालू डावांची यादी रोज ईमेलने पाठवण्याची सोय आहे, ती चालू करा. तिसरं फोनमध्ये आहे. बॅटरी वाचवण्याच्या नावाखाली बरेच फोन ॲप मागे झोपवून टाकतात आणि सूचना येतच नाही. त्या यादीतून हे ॲप वगळा.

रेटिंगकडे सुरुवातीला दुर्लक्ष करा. लिचेसवर करस्पॉन्डन्सचं रेटिंग ब्लिट्झपेक्षा वेगळं असतं, ते १५०० पासून सुरू होतं आणि आकडा स्थिर होईपर्यंत त्यापुढे प्रश्नचिन्ह दिसतं. डाव संपायलाच महिने लागत असल्याने हे प्रश्नचिन्ह बराच काळ राहतं. तोपर्यंत कधी फारच कच्चा, कधी फारच तगडा भिडू समोर येतो.

आता टिपणाबद्दल, कारण सगळा फरक तिथे पडतो. दोन्ही ठिकाणी डावाशेजारी खासगी नोंदींची जागा आहे. ती समोरच्याला दिसत नाही. प्रत्येक चालीला चार ओळी लिहायच्या. समोरच्याच्या शेवटच्या चालीने काय बदललं आणि त्याला आता काय करायचंय. आपल्यापुढे कोणत्या दोन-तीन चाली होत्या. त्यांतल्या ज्या टाकल्या त्या का टाकल्या. निवडलेल्या चालीनंतर कोणतं उत्तर अपेक्षित आहे. चौथी ओळ सगळ्यांत मोलाची. अपेक्षेपेक्षा वेगळं उत्तर आलं तर तिथेच थांबायचं, त्या दिवशी चाल करायचीच नाही. आपण पट चुकीचा वाचला होता हे त्या उत्तराने सांगितलेलं असतं, आणि घाईघाईत दिलेलं प्रत्युत्तर त्याच चुकीच्या वाचनावर उभं राहतं.

एक ठोस उदाहरण. कारो-कान बचावात १. ई४ सी६ २. डी४ डी५ ३. घोडा सी३, डी५चं प्यादं ई४ मारतं ४. घोडा ई४ मारतो, घोडा डी७. आता पांढऱ्याने उंट सी४ला किंवा घोडा एफ३ला आणला तर काळ्याने दुसरा घोडा एफ६ला आणणं ही नेहमीचीच चाल. पण पांढऱ्याने ५. वजीर ई२ केलं आणि काळ्याने सवयीने तोच घोडा एफ६ला आणला, तर ६. घोडा डी६ आणि मात. ई७चं प्यादं ई-पट्टीवरच्या वजिरामुळे बांधलेलं, म्हणून त्याला घोडा मारता येत नाही. राजाभोवतीची घरं स्वतःच्याच सोंगट्यांनी भरलेली. 'वजीर ई२वर का आला?' एवढी पहिली ओळ लिहिली असती तरी हे दिसलं असतं. ज्यांना कारो-कान पाठ आहे तेच यात अडकतात, कारण त्यांचा हात पटाआधी चालतो.

डावांची संख्या टिपणावरूनच ठरते. एका चालीला नीट पाहायला १५-२० मिनिटं लागतात. चारही भिडूंनी एकाच दिवशी उत्तर दिलं तर तास-सव्वा तास जातो, तेवढा बहुतेकांना काढता येतो. सुरुवातीला उत्तरं हळू येतात, म्हणून कंटाळून लोक दहा-बारा आव्हानं टाकतात. ते सगळे डाव मिडलगेममध्ये, म्हणजे मधल्या टप्प्यात, साधारण एकाच सुमारास पोहोचतात आणि तेव्हा रोज दहा अवघड पट समोर येतात. शिवाय एकाच ओपनिंगचे (सुरुवातीच्या ठरलेल्या चालींचे) तीन डाव चालू असले की एका डावातली योजना दुसऱ्यात खेळली जाते. चार डावांत दोन पांढऱ्याने आणि दोन काळ्याने, चारांची ओपनिंग वेगवेगळी, ही वाटणी चांगली चालते.

ओपनिंगची पुस्तकं आणि जुन्या डावांचा साठा पाहायला या खेळात परवानगी आहे, आणि बोर्डावर समोरासमोर खेळणाऱ्यांना हे सुरुवातीला पटतच नाही. लिचेसवर चालू डावाच्या विश्लेषण पटावरच ओपनिंग एक्सप्लोरर, म्हणजे कोणती चाल किती डावांत आली आणि कोण जिंकलं ते दाखवणारा साठा, उघडतो. त्यातल्या टक्केवारीला मात्र भुलू नका. एखाद्या चालीसमोर पांढऱ्याचे ६६ टक्के विजय दिसतात आणि खाली पाहावं तर एकूण डाव तीनच. जिथे डावांची संख्या शेकड्यांतून एकदम दहाच्या आत येते, तिथे आकड्यांवरचा विश्वास संपवा आणि त्यातले दोन-तीन डाव शेवटपर्यंत उलगडून पाहा. साठ्यातली शेवटची चाल खेळण्याआधी पुढच्या पाच चालींचा बेत टिपणात लिहा. पंधराव्या चालीपर्यंत उत्तम आणि सोळाव्याला प्यादं गमावलेलं, असे डाव होतात ते हा बेत नसल्यामुळे.

इंजिनला, म्हणजे चाली सुचवणाऱ्या संगणक प्रोग्रामला, दोन्ही ठिकाणी सक्त मनाई आहे, आणि थोड्या सोंगट्या उरलेल्या स्थितींचं अचूक उत्तर देणारे टेबलबेसही चालत नाहीत. मुद्दाम फसवणारे पकडले गेले तर त्यांच्याकडे हरलेल्यांना रेटिंगचे गुण परत मिळू शकतात. प्रामाणिक माणसाकडून नकळत नियम मोडला जातो तो दोन वाटांनी. एक, चालू डावाची स्थिती वेगळ्या मोकळ्या विश्लेषण पटावर मांडली आणि तिथे इंजिन आधीपासून चालूच होतं. म्हणून नेहमी डावाच्या आतलाच विश्लेषण पट वापरा. डाव संपेपर्यंत तिथे इंजिन बंद असतं. दुसरी वाट जास्त फसवी. संध्याकाळी ब्लिट्झ खेळलात, तोच ओपनिंग आला, नंतर तो ब्लिट्झ डाव इंजिनवर तपासला आणि करस्पॉन्डन्समधल्या स्थितीचं उत्तर आयतंच समोर आलं. जो ओपनिंग संथ डावात चालू आहे त्याचे ब्लिट्झ डाव तपासण्यासाठी बाजूला ठेवा, संथ डाव संपल्यावर उघडा.

एंडगेमचं, म्हणजे डावाच्या शेवटच्या टप्प्याचं, पुस्तक मात्र हक्काने उघडा. हत्ती आणि प्यादं विरुद्ध हत्ती अशी स्थिती आली की फिलिडोरचा बचाव वाचायला तीन दिवस पुरून उरतात. बचाव करणाऱ्याचा राजा प्यादं जिथे बढती घेणार त्या घरापाशी, हत्ती आपल्या बाजूने मोजून तिसऱ्या आडव्या ओळीत. प्यादं त्या ओळीत शिरलं की हत्तीने थेट पटाच्या दुसऱ्या टोकाला जायचं आणि मागून शह देत राहायचे. स्वतःच्या चालू डावात शोधून वापरलेलं हे तंत्र विसरलं जात नाही. क्लासमध्ये फळ्यावर पाहिलेलं विसरतं.

सशर्त चाली, म्हणजे 'त्याने हे केलं तर माझं हे', ही सोय आधीच लावून ठेवता येते आणि तिने बरेच दिवस वाचतात. ती फक्त सक्तीच्या ठिकाणी वापरा. सोंगटी मारली की परत मारणं, शहाला एकच घर उरलेलं असणं, एवढ्यापुरतीच. समोरचा वेगळं खेळला तर ती आपोआप लागू होत नाही, त्यामुळे धोका तिथे नाही. धोका असतो तिसऱ्या-चौथ्या चालीपर्यंत साखळी लावण्यात, कारण तोवरची स्थिती डोळ्यांनी न पाहताच आपली चाल गेलेली असते.

खरा पट जवळ हवाच. स्क्रीनवर सोंगट्या सरकवून पाहिल्या की हिशेब डोक्यात होत नाही. सीताबर्डीत गुंडाळता येणारा विनाइलचा पट आणि प्लास्टिकच्या सोंगट्या मिळतात. घर ५ ते ६ सेंटिमीटरचं आणि राजा साधारण साडेनऊ सेंटिमीटर उंच, हे स्पर्धेचं माप घ्या. एका जागी मांडून ठेवा, सोंगट्या हलवण्याआधी पाच मिनिटं नुसतं पाहा. विनाइल मे महिन्यात पश्चिमेच्या खिडकीत किंवा गाडीत सोडू नका, पारा ४५च्या पुढे गेला की कडा वर वळू शकतात. तेच महिने या खेळाला मात्र उत्तम. दुपारी बारा ते चार बाहेर पडता येत नाही, कूलरसमोर पट मांडून बसायला तेवढा वेळ हक्काचा.

सुट्ट्यांचा विचार आधी करा. लिचेसवर रजेची सोय नाही. घड्याळ चालूच राहतं. चेस डॉट कॉमवर रजा आहे. पोळा, गणपती, दिवाळी किंवा परीक्षा तोंडावर असेल तर महिनाभर आधीपासून नवीन आव्हानं टाकणं थांबवा. चेस डॉट कॉमवर वेळेवर हरलेल्या डावांचं प्रमाण प्रोफाइलवर दिसतं आणि डेली स्पर्धांत प्रवेशासाठी त्याची मर्यादा घातलेली असू शकते. समोरचा हरत असताना गप्प बसून मुदत संपवतो, हे वारंवार घडेल. त्याला संदेश पाठवू नका, उरलेल्या तीन डावांकडे वळा.

नागपुरातल्या पालकांसाठी वेगळं सांगायला हवं. जुलै २०२५ मध्ये दिव्या देशमुखने बातुमीत कोनेरू हम्पीला हरवून महिलांचा विश्वचषक जिंकला आणि ती ग्रँडमास्टर झाली. त्याआधी रौनक साधवानी २०१९ मध्ये आणि संकल्प गुप्ता २०२१ मध्ये ग्रँडमास्टर झाले होते. शहरात क्लासला जाणारी मुलं खूप आहेत. हे तिघं समोरासमोरच्या स्पर्धांतून वर आले, आणि करस्पॉन्डन्सने तो मार्ग बदलत नाही. इथल्या डावांनी फिडेचं, म्हणजे जागतिक बुद्धिबळ संघटनेचं, रेटिंग हलत नाही आणि घड्याळाच्या दडपणाचा सरावही होत नाही. मुलांना यातून मिळतं ते एका स्थितीकडे वीस मिनिटं पाहण्याचं वळण. दहा-बारा वर्षांच्या आतल्या मुलाला एकच डाव द्या आणि टिपण मोठ्याने वाचून दाखवायला सांगा. फोन एकट्याच्या हातात असला की इंजिन एका बोटावर असतं. स्पर्धेच्या आठवड्यात त्याचे संथ डाव चालू ठेवू नयेत.

वर्षभराने पुढे जायचं असेल तर आयसीसीएफ ही १९५१ साली स्थापन झालेली करस्पॉन्डन्स बुद्धिबळाची आंतरराष्ट्रीय संघटना आहे. तिथल्या डावांत इंजिन वापरायला परवानगी असते, त्यामुळे वरच्या पातळीवर बहुतेक डाव बरोबरीत सुटतात आणि कस लागतो तो इंजिनच्या उत्तरांतून योग्य दिशा निवडण्याचा. १९५३ साली करस्पॉन्डन्सचा पहिला जागतिक विजेता ठरलेला ऑस्ट्रेलियाचा सेसिल पर्डी टपालाने चाली पाठवत होता. स्वतःच्या डोक्याने खेळायची ज्यांना हौस आहे त्यांनी लिचेस किंवा चेस डॉट कॉमवरच राहावं. संगणकाबरोबर बसून एकेका स्थितीच्या तळाशी जाणं आवडत असेल तर आयसीसीएफकडे वळावं, पण आधी इथले वीसेक डाव टिपणांसह पूर्ण करून.